यादृच्छिक पूर्णांक निर्मिती (सी भाषा)

सी या संगणकीय आज्ञावली भाषेत दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेदरम्यानचा एखादा पूर्णांक यदृच्छेने निवडणे, म्हणजे मर्यादेतील प्रत्येक पूर्णांकाला निवडले जाण्याची समान संधी मिळेल अशा रीतीने निवडणे, याला यादृच्छिक पूर्णांक निर्मिती म्हणतात. खेळातील फासा, परीक्षेतील प्रश्नांचा क्रम, प्रवेशाची सोडत, सर्वेक्षणासाठी घरांची निवड आणि पीक कापणी प्रयोगासाठी शेतांची निवड अशा अनेक कामांत तिचा उपयोग होतो. सी भाषेच्या मानक संग्रहात यासाठी ‘रँड’ हे फंक्शन आहे. मात्र ते वापरणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेतील संख्या देत नाही. ते देत असलेली संख्या हव्या त्या मर्यादेत आणण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याला करावे लागते. निवडीतील समानता बहुधा याच टप्प्यावर बिघडते.

या लेखात सी भाषेतील नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती मूळ रोमन लिपीत लिहावी लागतात.

## पार्श्वभूमी

संगणकापूर्वी संख्याशास्त्रज्ञ यादृच्छिक अंकांचे छापील तक्ते वापरत. एल. एच. सी. टिपेट यांनी ४१,६०० अंकांचा तक्ता १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९३८ मध्ये रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांचे तक्ते आले. १९५५ मध्ये अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने दहा लाख अंकांचे पुस्तक छापले. या संस्थेच्या नावाचा सी भाषेतील ‘रँड’ फंक्शनशी संबंध नाही. फंक्शनचे नाव ‘रँडम’ या शब्दाचे लघुरूप आहे.

भारतात या तक्त्यांचा मोठा उपयोग शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी झाला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) आणि विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुन्यावर आधारलेल्या पीक कापणी पद्धतीचा पाया घातला. या दोघांनी लिहिलेला शेती संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणी करणाऱ्याने स्वतः निवडलेले शेत किंवा शेताचा भाग पूर्ण गावाचे प्रतिनिधित्व करतोच असे नाही, कारण नजर नकळत चांगल्या पिकाकडे वळते. म्हणून निवड माणसाच्या मर्जीवर न सोडता अंकांवर सोपवणे हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

संगणकावर यादृच्छिक भासणाऱ्या संख्या गणिती सूत्राने तयार करण्याची रेषीय पद्धत डी. एच. लेमर यांनी १९४९ मध्ये मांडली. सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. तिचे पहिले अमेरिकी मानक १९८९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय मानक १९९० मध्ये निघाले. ‘रँड’ आणि ‘एसरँड’ ही फंक्शने या मानकाचा भाग आहेत.

## ‘रँड’ आणि ‘एसरँड’

‘रँड’ हे फंक्शन शून्य ते ‘रँड_मॅक्स’ यांमधील एक पूर्णांक परत करते. ‘रँड_मॅक्स’चे मूल्य प्रत्येक कंपायलरसोबतच्या संग्रहात वेगळे असू शकते. ते किमान ३२,७६७ असावे एवढेच मानकाचे बंधन आहे. मायक्रोसॉफ्टच्या संग्रहात ते नेमके ३२,७६७ आहे, तर लिनक्सवरील ग्नू संग्रहात २,१४,७४,८३,६४७ आहे. त्यामुळे एका संगणकावर बिनचूक भासणारी आज्ञावली दुसऱ्यावर वेगळी वागू शकते.

या संख्या खऱ्या अर्थाने यादृच्छिक नसून छद्मयादृच्छिक असतात. एका आरंभीच्या संख्येपासून ठरलेल्या सूत्राने पुढची, तिच्यापासून त्यापुढची अशी साखळी तयार होते. आरंभीच्या संख्येला बीज म्हणतात आणि ती ‘एसरँड’ फंक्शनने दिली जाते. बीज दिले नाही, तर ते १ आहे असे धरले जाते. त्यामुळे अशी आज्ञावली प्रत्येक वेळी त्याच संख्या त्याच क्रमाने देते.

मानकात उदाहरणादाखल दिलेल्या सूत्रात आधीच्या संख्येला १,१०,३५,१५,२४५ ने गुणून त्यात १२,३४५ मिळवतात. आलेल्या संख्येला ६५,५३६ ने भागतात आणि भागाकाराला ३२,७६८ ने भागून उरलेली बाकी परत करतात. बीज १ असताना या सूत्राने १६,८३८, ५,७५८, १०,११३ अशा संख्या मिळतात.

सूत्रात ६५,५३६ ने भागण्यामागे कारण आहे. त्या भागाकाराआधीच्या आतल्या संख्या अनुक्रमे १,१०,३५,२७,५९०, ३७,७४,०१,५७५, ६६,२८,२४,०८४ अशा असतात. म्हणजे सम, विषम, सम, विषम असा त्यांचा क्रम कधीच चुकत नाही. त्या जशाच्या तशा वापरून नाणेफेकीचे अनुकरण केले, तर छापा आणि काटा आळीपाळीने पडतील. भागाकारामुळे या कमकुवत शेवटच्या बिट गळून जातात. काही जुन्या संग्रहांत ही काळजी घेतलेली नव्हती, म्हणून ‘रँड’च्या खालच्या बिटवर विसंबू नये असा सल्ला दिला जात असे.

## मर्यादेत आणण्याचे प्रचलित सूत्र

पूर्णांक हव्या त्या मर्यादेत आणण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

    निकाल = किमान + रँड() % (कमाल - किमान + १);

येथे % हे चिन्ह टक्केवारीचे नसून भागाकारानंतर उरणारी बाकी दाखवते. एखाद्या संख्येला ६ ने भागल्यास बाकी ० ते ५ पैकी एक असते. तिच्यात १ मिळवल्यास १ ते ६ पैकी एक संख्या, म्हणजे फाशाचे दान मिळते.

कंसातील ‘+ १’ विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. १ ते ६ या मर्यादेत ६ संख्या आहेत, पण ६ वजा १ बरोबर ५ होतात. एक न मिळवल्यास बाकी ० ते ४ पैकी येते आणि ६ चे दान कधीच पडत नाही. आज्ञावली अडत नाही, कंपायलर चूक दाखवत नाही आणि मिळालेल्या प्रत्येक संख्येत सकृद्दर्शनी काही वावगे नसते. त्यामुळे ही चूक दीर्घकाळ लक्षात न येण्याची शक्यता असते.

मर्यादा ‘रँड_मॅक्स’पेक्षा मोठी असल्यास दोष अधिक गंभीर होतो. ‘रँड_मॅक्स’ ३२,७६७ असताना या सूत्राने १ ते १,००,००० मधील संख्या निवडू पाहिल्यास ३२,७६८ च्या पुढची एकही संख्या कधीच निघणार नाही. एक लाख अर्जांची सोडत अशा आज्ञावलीने काढली, तर दोन तृतीयांशांहून अधिक अर्जदारांना कसलीच संधी उरत नाही.

## बाकीमुळे होणारा पक्षपात

वरील सूत्र नीट लिहूनही त्यात एक सूक्ष्म दोष राहतो. ‘रँड’ देऊ शकत असलेल्या एकूण संख्यांना मर्यादेतील संख्यांनी पूर्ण भाग जात नसेल, तर काही बाक्या इतरांपेक्षा अधिक वेळा येतात. संख्याशास्त्रात अशा पक्षपाताला अभिनती म्हणतात.

‘रँड_मॅक्स’ ३२,७६७ असल्यास शून्य धरून ३२,७६८ संख्या मिळू शकतात. त्यांना ६ ने भागल्यास भागाकार ५,४६१ येतो आणि बाकी २ उरते. म्हणून फाशाच्या १ आणि २ या दानांना ५,४६२ संधी मिळतात, तर ३ ते ६ या दानांना ५,४६१. हा फरक नगण्य आहे. मात्र मर्यादेत २०,००० संख्या असल्यास पहिल्या १२,७६८ संख्यांना दोन संधी आणि उरलेल्या ७,२३२ संख्यांना एकच संधी मिळते. मर्यादा ‘रँड_मॅक्स’च्या जितकी जवळ जाते, तितका पक्षपात उघड होतो.

### लातूर जिल्ह्यातील पीक कापणी प्रयोगाचे उदाहरण

हा प्रश्न केवळ संगणकाचा नाही, हे पीक कापणी प्रयोगावरून स्पष्ट होते. दहा तालुक्यांच्या लातूर जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळासारख्या विमा क्षेत्राचे सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगांवरून काढतात. हे प्रयोग कृषी, महसूल आणि ग्रामविकास विभागांचे कर्मचारी करतात. त्यासाठी गाव, गावातील गट आणि गटातील कापणीचा तुकडा अशी टप्प्याटप्प्याने यादृच्छिक निवड केली जाते.

काढलेले सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठा उत्पन्नापेक्षा जितके कमी भरेल, त्या प्रमाणात भरपाई देय होते. समजा, उंबरठा उत्पन्न हेक्टरी १,००० किलो आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. प्रयोगांची सरासरी ८०० किलो आल्यास तूट २० टक्के ठरते आणि भरपाई १०,००० रुपये होते. तीच सरासरी ८५० किलो आल्यास तूट १५ टक्के आणि भरपाई ७,५०० रुपये होते. हा आकडा केवळ निवडलेल्या शेताच्या मालकाला नव्हे, तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारक शेतकऱ्यांना लागू होतो. म्हणून निवडीतील झुकावाचा परिणाम ज्यांच्या शेतात प्रयोग झालाच नाही, त्यांच्यावरही होतो.

समजा, एका गावात सोयाबीन पेरलेले ४५० गट आहेत आणि तक्त्यातून ००० ते ९९९ पैकी तीन अंकी संख्या घेऊन तिला ४५० ने भागले जाते. एक हजारात ४५० दोनदा जातात आणि १०० उरतात. त्यामुळे यादीतील पहिल्या १०० गटांना तीन संधी आणि उरलेल्या ३५० गटांना दोनच संधी मिळतात. म्हणजे पहिल्या शंभरांपैकी एखादा गट निवडला जाण्याची शक्यता इतर गटांच्या दीडपट होते. शेजारच्या शेतांचे गट क्रमांक सहसा लागोपाठचे असतात. पहिले शंभर गट ओढ्याकाठच्या भारी काळ्या जमिनीत आणि शेवटचे गट माळावरच्या हलक्या जमिनीत असतील, तर प्रयोगांची सरासरी प्रत्यक्ष उत्पन्नापेक्षा जास्त दिसण्याकडे झुकेल. कोणी मुद्दाम काहीही केलेले नसताना केवळ भागाकारामुळे हे घडते.

हीच निवड ३२,७६७ कमाल मूल्याच्या ‘रँड’ने केल्यास ३२,७६८ मध्ये ४५० बहात्तर वेळा जातात आणि ३६८ उरतात. पहिल्या ३६८ गटांना ७३ आणि उरलेल्या ८२ गटांना ७२ संधी मिळतात. पक्षपात कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

## नाकारण्याची पद्धत

या दोषावरचा उपाय छापील तक्त्यांच्या काळापासून ज्ञात आहे. नमुना निवडीच्या पाठ्यपुस्तकांत बाकीची पद्धत शिकवताना मर्यादेच्या सर्वांत मोठ्या पटीपलीकडील संख्या सोडून द्याव्यात, असा नियम दिलेला असतो. वरील उदाहरणात ४५० ची तीन अंकांतील सर्वांत मोठी पट ९०० आहे. म्हणून ९०० ते ९९९ पैकी संख्या आल्यास ती वापरायची नाही, तक्त्यातील पुढची घ्यायची. उरलेल्या ९०० संख्यांमध्ये प्रत्येक गटाला नेमक्या दोन संधी मिळतात.

सी भाषेत हाच नियम पुढीलप्रमाणे लिहितात :

    अनसाइन्ड इंट पल्ला = कमाल - किमान + १;
    अनसाइन्ड इंट हद्द = ((रँड_मॅक्स + १यू) / पल्ला) * पल्ला;
    अनसाइन्ड इंट संख्या;
    डू {
        संख्या = रँड();
    } व्हाइल (संख्या >= हद्द);
    रिटर्न किमान + (इंट)(संख्या % पल्ला);

येथे ‘पल्ला’ म्हणजे मर्यादेतील संख्यांची गणती आणि ‘हद्द’ म्हणजे पल्ल्याची सर्वांत मोठी पट. हद्दीइतकी किंवा तिच्याहून मोठी संख्या आल्यास ती टाकून नवी घेतली जाते. ४५० गटांच्या उदाहरणात हद्द ३२,४०० येते. मानकातील सूत्राने बीज १ असताना मिळणाऱ्या १६,८३८, ५,७५८ आणि १०,११३ या तिन्ही संख्या हद्दीच्या आत आहेत. त्यांच्या बाक्या १८८, ३५८ आणि २१३ आहेत. त्यांत १ मिळवल्यास यादीतील १८९, ३५९ आणि २१४ या क्रमांकांचे गट निवडले जातात.

दुसऱ्या ओळीतील ‘१यू’ महत्त्वाचा आहे. ग्नू संग्रहात ‘रँड_मॅक्स’ हा साध्या पूर्णांकाच्या क्षमतेइतका मोठा आहे. त्यात साधा १ मिळवल्यास संख्या क्षमतेबाहेर जाते आणि तेव्हा काय घडेल याची सी भाषेचे मानक हमी देत नाही. ‘यू’ जोडल्याने बेरीज चिन्हरहित पूर्णांकांत होते.

पल्ला ‘रँड_मॅक्स’ अधिक एकपेक्षा मोठा असल्यास ‘हद्द’ शून्य होते आणि आवर्तन कधीच थांबत नाही. म्हणून ही अट आधी तपासावी लागते. अट पाळली गेल्यास निम्म्याहून अधिक संख्या नेहमी स्वीकारार्ह असतात. त्यामुळे सरासरीने दोनपेक्षा कमी प्रयत्नांत काम होते. ४५० गटांच्या उदाहरणात तर सुमारे १.१ टक्के संख्याच नाकारल्या जातात.

‘रँड’ची संख्या दशांश अपूर्णांकात बदलून तिला पल्ल्याने गुणण्याचीही एक रीत आहे. तिच्यामुळे खालच्या बिटवर विसंबावे लागत नाही. परंतु ३२,७६८ वस्तू ४५० खणांत समान वाटता येत नाहीत हे सत्य तिने बदलत नाही. जादा संधी पहिल्या खणांऐवजी सर्वत्र विखुरल्या जातात, एवढेच होते. भागाकार टाळून गुणाकार आणि नाकारणे यांचा मेळ घालणारी वेगवान पद्धत डॅनियल लेमिर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली.

## शेतातील तुकड्याची निवड

गट ठरल्यावर त्यातील कापणीच्या तुकड्याची जागाही यदृच्छेने ठरवतात. शेताच्या एका कोपऱ्यापासून लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने किती पावले जायचे, हे दोन यादृच्छिक संख्या सांगतात. समजा, शेत ९० पावले लांब आणि ६० पावले रुंद आहे आणि तुकडा १४ पावले लांब व ७ पावले रुंद आहे. तुकडा शेताबाहेर जाऊ नये म्हणून लांबीची संख्या ० ते ७६ आणि रुंदीची ० ते ५३ या मर्यादेत हवी. पहिल्या मर्यादेत ७७ आणि दुसरीत ५४ पर्याय आहेत. येथे ‘+ १’ विसरल्यास तुकडा दूरच्या बांधाला कधीच भिडणार नाही आणि त्या कडेच्या पिकाला प्रयोगात स्थान मिळणार नाही.

## बीजाची निवड

बीज म्हणून संगणकाच्या घड्याळातील वेळ देण्याची प्रथा आहे :

    एसरँड(टाइम(नल));

‘टाइम’ बहुतेक संगणकांवर सेकंदांत वेळ देते. म्हणून एकाच सेकंदात सुरू झालेल्या दोन आज्ञावल्या सारख्याच संख्या देतात. ‘एसरँड’ आवर्तनाच्या आत लिहिल्यास एकच संख्या पुन्हा पुन्हा मिळते. ते आज्ञावलीच्या आरंभी एकदाच वापरावे लागते.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. लातूर जिल्ह्यातील दहा तालुक्यांचे ३६,२८,८०० वेगवेगळे क्रम लावता येतात. दिवस ठरलेला असेल, तर वेळेच्या बीजाने त्यांपैकी जास्तीत जास्त ८६,४०० क्रमच निघू शकतात. सोडतीचा तास माहीत असलेल्या व्यक्तीला फक्त ३,६०० बीजे तपासून निकालाचा अंदाज बांधता येतो. म्हणून पैसा, प्रवेश किंवा परवाना यांची सोडत आणि सांकेतिक शब्दांची निर्मिती यांसाठी ‘रँड’ वापरणे योग्य मानले जात नाही. त्यासाठी कार्यप्रणालीकडून मिळणारी, अंदाज बांधता न येणारी यादृच्छिकता घेतात. लिनक्समध्ये २०१४ पासून ‘गेटरँडम’ ही सोय आहे. ओपनबीएसडी प्रणालीत उगम पावलेले ‘आर्कफोररँडम_युनिफॉर्म’ हे फंक्शन पल्ल्यातील संख्या पक्षपात टाळून थेट देते. २०२२ पासून ते ग्नू संग्रहातही आहे.

बीजामुळे निकाल पुन्हा मिळवता येतो, हा मात्र छद्मयादृच्छिक संख्यांचा गुण आहे. गटांची यादी, सूत्र आणि सर्वांसमक्ष ठरवलेले बीज नोंदवून ठेवल्यास तीच निवड नंतर कोणालाही ताडून पाहता येते. यादी आधी गोठवणे आणि बीज त्यानंतर ठरवणे हा क्रम त्यासाठी आवश्यक असतो. बीज आधी कळल्यास यादीत फेरफार करून हवा तो गट हव्या त्या क्रमांकावर आणता येतो.

## पुनरावृत्तीविना निवड

एकाच गावात दोन प्रयोग करायचे असल्यास दोन्ही गट वेगळे असावे लागतात. मोजक्या संख्यांसाठी आधी आलेली संख्या पुन्हा आल्यास ती सोडून नवी घेणे पुरेसे असते. अनेक संख्या हव्या असल्यास पूर्ण यादी पिसून तिचा पहिला भाग घेतात. यासाठी फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये दिलेली रीत वापरतात. रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये तिला संगणकास सोयीचे रूप दिले. या रूपात शेवटच्या स्थानापासून सुरुवात करून प्रत्येक स्थानाची अदलाबदल त्या स्थानापर्यंतच्या एखाद्या यादृच्छिक स्थानाशी केली जाते.

येथे प्रत्येक पायरीवर मर्यादा एकाने कमी होते. तसे न करता दरवेळी पूर्ण यादीतील स्थान निवडल्यास पिसणे असमान होते. तीन वस्तूंसाठी असे २७ मार्ग होतात, पण त्यांचे क्रम ६ च असतात. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नसल्याने काही क्रम अधिक वेळा येणारच. बाकीच्या पक्षपातामागे असलेले भागाकाराचे कारणच येथे वेगळ्या रूपात दिसते.

## पडताळणी

अशी आज्ञावली वापरण्यापूर्वी ती मोठ्या संख्येने चालवून मर्यादेतील प्रत्येक पूर्णांक किती वेळा आला हे मोजतात. दोन्ही टोकांचे पूर्णांक येतात का आणि मर्यादेबाहेरचा एखादा येतो का, हे प्रथम पाहतात. त्यानंतर काय-वर्ग कसोटीने वारंवारतांतील फरक योगायोगाचा आहे की नाही हे ठरवतात. मात्र सूक्ष्म पक्षपात मोजणीत सहज सापडत नाही. ७३ विरुद्ध ७२ संधींचा फरक दिसण्यासाठी फार मोठा नमुना लागतो. तोच फरक एकदा भागाकार करून बाकी पाहिल्यास कागदावर कळतो. त्यामुळे मोजणीवर अवलंबून राहण्याआधी पल्ला आणि ‘रँड_मॅक्स’ यांचे गणित तपासणे अधिक भरवशाचे ठरते.